घाट चढायचाय? आधी सायकलचा सगळ्यात हलका गिअर मोजा

दुकानात एमटीबी (माउंटन बाइक, जाड टायरची सायकल) बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकवीस गिअर आहेत, घाट आरामात चढेल." एकवीस म्हणजे पुढच्या तीन चकत्या गुणिले मागच्या सात. खऱ्या उभ्या चढावर त्यातला एकच गिअर कामाला येतो, पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी. बाकीचे वीस सपाटीवर आणि उतारावर कितीही छान चालत असले, तरी चढावर त्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे सायकल घेताना किंवा आहे तिच्यात बदल करताना "गिअर किती?" हा प्रश्न सोडून द्या. विचारायचं ते एवढंच: सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलचा एक फेरा मारला की सायकल किती मीटर पुढे जाते?

हा आकडा कसा मोजायचा, तुमच्या पायांना आणि तुमच्या घाटाला तो किती हवा, आणि कमीत कमी खर्चात तिथपर्यंत कसं पोचायचं, ते क्रमाने पाहू. थोडं गणित आहे, पण मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर होण्याएवढंच.

आहे ती सायकल मोजा

पुढच्या चकत्यांवर दात किती ते बहुतेक वेळा कोरलेलं असतं. तसं नसेल तर एका दातावर खडूची खूण करून मोजून काढा. मागचा आकडाही मोठ्या चकतीच्या आतल्या बाजूला सापडतो, धूळ आणि ग्रीस पुसावं लागेल एवढंच. पुढच्या सगळ्यात लहान चकतीच्या दातांना मागच्या सगळ्यात मोठीच्या दातांनी भागा. आपल्याकडच्या स्वस्त, सात स्पीडच्या (म्हणजे मागे सात चकत्या असलेल्या) एमटीबीवर पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ अशी जोडी फार दिसते. २४ भागिले २८ म्हणजे ०.८६.

मग चाक. हवा नेहमीएवढी भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करा, सायकलवर बसा आणि कुणाला तरी धरायला सांगून चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत पुढे जा. दोन खुणांमधलं अंतर हा चाकाचा परीघ. २९ इंची चाकाला सव्वादोन इंची टायर असेल तर तो २.२९ मीटरच्या आसपास येतो, २७.५ इंचीला २.१८ आणि जुन्या २६ इंचीला २.०७. परिघाला वरच्या भागाकाराने गुणलं की एका फेऱ्यातलं अंतर मिळतं. म्हणजे २९ इंची चाकावर २४/२८ चा गिअर एका फेऱ्यात १.९६ मीटर जातो.

चाक मोजायला सांगतोय त्याला कारण आहे. जुनी २६ इंची सायकल विकून २९ इंची घेतलेले बरेच जण म्हणतात, नवी चांगली पळते पण घाटात जड जाते. दात तेच राहिले तरी मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर साधारण दहा टक्क्यांनी जड होतो. तक्रार खरी असते, दोष मात्र सायकलच्या दर्जाचा नसतो.

तुलनेसाठी नेहमीच्या काही जोड्या, सगळ्या २९ इंची चाकावर:

२४/२८: १.९६ मीटर
३२/४२: १.७४
२४/३४: १.६२
३२/४६: १.५९
३२/५१: १.४४
२२/३६: १.४०
३०/५१: १.३५
२८/५१: १.२६

यादी नीट पाहिलीत तर एक गंमत दिसेल. २२/३६ ही नऊ स्पीडच्या जुन्या वळणाच्या ट्रिपल क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्यांवर तीन चकत्या असलेल्या सायकलची जोडी. मागे बशीएवढी चकती मिरवणाऱ्या बारा स्पीडच्या ३२/५१ पेक्षा ती किंचित हलकीच आहे. नवीन म्हणजे चढायला सोपं, असं समीकरण नाही.

सरासरी चढ फसवतो

घाटाची सरासरी बघून गिअर निवडू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे डोंगरी रस्त्याचा चढ साधारण ५ ते ६ टक्के ठेवायचा असतो आणि अगदीच इलाज नसेल तिथे ७-८ पर्यंत जायचं. भरलेला ट्रक चढला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. म्हणून वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट लांबलचक असला तरी पाच टक्क्यांच्या आसपास संथ चढत राहतो आणि साध्या एमटीबीवरही निघतो. पालखीचा दिवे घाटही त्याच जातीचा.

किल्ल्यांचे रस्ते, वाडीवस्तीवर जाणारे रस्ते, पवनचक्क्यांसाठी पठारावर नेलेले रस्ते यांना असा काही धरबंध नसतो. सिंहगडाचा डांबरी रस्ता गोळेवाडीपासून वरच्या गाडीतळापर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटर आहे आणि उंची सहाशे मीटरच्या जवळपास वाढते. सरासरी निघते सात टक्के. पण ही सरासरी मधल्या सपाट तुकड्यांनी खाली ओढलेली असते. सायकलवरून उतरायला लावतात ते दहा-बारा टक्क्यांचे पट्टे, आणि वळणाच्या आतल्या कडेला तर त्याहून जास्त. निवड करायची ती या पट्ट्यांसाठी.

चढ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. फोनमधलं लेव्हल ॲप अंशात कोन दाखवतं. लांब सरळ फळी किंवा सायकलचा टॉप ट्यूब (सीट ते हँडल ही वरची नळी) जमिनीला समांतर असल्याची खात्री असेल तर तो, त्यावर फोन ठेवा. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के धरा. ५.७ अंश म्हणजे १० टक्के, साडेआठ अंश म्हणजे १५ टक्के. जीपीएस घड्याळं झाडीत आणि कातळाच्या आडोशाला बऱ्याचदा काहीच्या बाही चढ दाखवतात, तेव्हा एखाद्या क्षणी दिसलेल्या २२ टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्यात उंची किती वाढली ते पाहा.

कच्च्या रस्त्याचं गणित वेगळं. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट घ्या. चढ कागदावर आठ टक्के असला तरी सुटा मुरूम, गोटे आणि पावसाने पाडलेल्या चऱ्या यांतून जाताना तो दहा-अकराचा लागतो. कच्च्यासाठी मोजलेल्या टक्क्यांत दोन-तीन मिळवूनच पुढचा हिशेब करा.

तुमचे पाय किती वॉटचे?

पॉवर मीटर नको. ओळखीचा घाट, घड्याळ आणि वजनकाटा एवढं पुरतं. स्वतःचं वजन, सायकल, पाणी आणि सॅक सगळं धरून एकूण किलो काढा. घाट एका लयीत, वर पोचल्यावर दोन वाक्यं बोलता येतील अशा जोराने चढा आणि वेळ लावा. मग:

एकूण किलो × चढलेले मीटर ÷ लागलेले सेकंद × ११ = वॉट

उदाहरणार्थ ६८ किलोचा माणूस, १५ किलोची सायकल, दोन किलो पाणी आणि अवजारं, मिळून ८५. सहाशे मीटर उंची ६२ मिनिटांत, म्हणजे ३,७२० सेकंदांत चढली तर उत्तर येतं १५० वॉट. या ११ मध्ये गुरुत्वाकर्षण आहेच, शिवाय टायरचं घर्षण आणि चेनमध्ये वाया जाणारी ताकद यांचा ढोबळ अंदाजही धरलाय. पाच-सात वॉट इकडेतिकडे झाले तरी गिअर बदलत नाही.

आकडा कमी आला म्हणून खट्टू होऊ नका. नियमित चालवणाऱ्या, पण शर्यती न खेळणाऱ्या माणसाचा आकडा तासाभरासाठी शंभर ते दीडशेच्या पट्ट्यातच असतो. परदेशी मासिकांतले गिअरचे सल्ले त्याहून बऱ्याच तगड्या पायांसाठी लिहिलेले असतात आणि ते आपण डोळे मिटून उचलतो, ही खरी अडचण आहे.

आता गिअर काढा

चढावरचा वेग असा निघतो:

वॉट × ३५ ÷ (एकूण किलो × (चढाचे टक्के + १)) = ताशी किलोमीटर

आपल्या ८५ किलो, १५० वॉटच्या गड्याला १० टक्क्यांवर ताशी ५.६ किलोमीटर वेग मिळेल. म्हणजे मिनिटाला ९३ मीटर. बसून, गुडघ्यांवर ताण न देता चढायचं तर पॅडलचे मिनिटाला ६०-७० फेरे तरी पडायला हवेत. ६५ धरू. ९३ भागिले ६५ म्हणजे १.४३ मीटर. वरच्या यादीत शोधा: ३२/५१ किंवा २२/३६.

दुकानातल्या २४/२८ वर हाच माणूस त्याच चढावर मिनिटाला ४७ फेरे मारेल. चढेल, पण प्रत्येक फेरा दाबून, खांदे हलवत. असं अर्धा तास केलं की मांड्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर गुडघे बोलायला लागतात. तोच माणूस, तीच सायकल, पण चढ सात टक्के असेल तर वेग ७.७ आणि लागणारं अंतर १.९८ मीटर. म्हणजे २४/२८ तिथे चपखल बसतो! पसरणी सहज चढणारी सायकल सिंहगडावर का हरते, ते या दोन आकड्यांत आलं.

आणखी दोन उदाहरणं. ५८ किलोची बाई, सायकल आणि पाण्यासह ७४, ताकद ११५ वॉट. दहा टक्क्यांवर वेग ४.९, हवा असलेला गिअर १.२७ मीटर. नव्वद किलोचा गडी, सगळं मिळून १०७, ताकद १६० वॉट. वेग पावणेपाच, गिअर १.२२. दोघांनाही दुकानातला २४/२८ सारखाच निरुपयोगी. सायकलची सगळी मॉडेलं मधल्याच कुणाला तरी डोळ्यासमोर ठेवून बनतात, आणि हलक्या अंगाच्या बायकांना व जड अंगाच्या पुरुषांना "अजून सराव करा" असं सांगितलं जातं. सराव हवाच, पण आधी चकती बदला.

१५ टक्क्यांचा तुकडा आला तर? मिनिटाला साठ फेरे धरून सूत्रात घालून पाहिलंत तर १.०७ मीटर असं उत्तर येईल. तसा गिअर शोधत बसू नका. असे तुकडे शंभर-दीडशे मीटरचे असतात. तेवढ्यापुरते दोनशे वॉट बहुतेकांना काढता येतात, आणि दोनशे वॉटला साठ फेऱ्यांनी पुन्हा १.४३ मीटरच लागतो. लांब चालणाऱ्या चढासाठी गिअर निवडायचा, छोट्या तुकड्यासाठी दम राखून ठेवायचा.

खालची मर्यादाही आहे. १.२ मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी ४.३ किलोमीटर. याच्या खाली सायकल सरळ ठेवणंच कठीण होतं, हँडल डावी-उजवीकडे भटकतं आणि कच्च्या रस्त्यावर पुढचं चाक उचलतं. त्या वेगाला उतरून चालणं जास्त शहाणपणाचं, त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा उत्तर १.२ च्या खाली आलं तर १.२५ च्या आसपास थांबा.

खर्च करण्याआधी एक चाचणी

गणित कागदावर झालं. आता आहे त्या सायकलवर घाटाच्या सगळ्यात उभ्या पट्ट्यात सगळ्यात हलका गिअर टाका आणि तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा. पंचवीसपेक्षा कमी असेल तर गिअर बदलायलाच हवा. तीस ते पस्तीस येत असतील आणि तरी धाप लागून थांबावं लागत असेल, तर दोष गिअरचा नाही. सुरुवात फार जोरात होते आहे, किंवा अजून दम कमी पडतोय. मागचं चाक जागच्या जागी फिरत असेल तर टायरमधली हवा कमी करून पाहा आणि सीटवर थोडं मागे सरकून बसा. पुढचं चाक उचलत असेल तर कोपर खाली आणि छाती हँडलकडे. या दोन्हींसाठी हजारो रुपयांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) घेण्याची गरज नसते.

बदल: स्वस्तापासून महागापर्यंत

मागच्या चाकापासून सुरुवात करा, पण आधी हब (चाकाचा मधला भाग) कुठल्या प्रकारचा आहे ते पाहा. सात स्पीडच्या स्वस्त सायकलींवर बहुधा आट्यांचा हब असतो आणि त्यावर चकत्यांचा अख्खा संच, म्हणजे फ्रीव्हील, फिरवून बसवलेला असतो. आठ-नऊ स्पीड आणि पुढे फ्रीहब असतो, त्यावर कॅसेट सरकते आणि वरून लॉकरिंग लागते. ओळखायचं कसं? चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांकडे बघा. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर कॅसेट, चकत्या फिरून खाचा जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील.

*फ्रीव्हीलवाल्यांसाठी:* १४-२८ काढून १४-३४ चा सात स्पीड फ्रीव्हील लावा. शिमानोचा मेगारेंज याच मापाचा असतो. सगळ्यात हलका गिअर १.९६ वरून १.६२ मीटरवर येतो, आणि या यादीतला हा सगळ्यात स्वस्त बदल आहे. त्याचा एक दोष सांगून ठेवतो. यात २४ नंतर एकदम ३४ येते, मधे काहीच नाही, त्यामुळे शेवटचा गिअर टाकताना अंधारात जिन्याची पायरी चुकल्यासारखा पाय रिकामा जातो. दोन-तीन घाटांत सवय होते. जुना फ्रीव्हील काढायला त्याच्याच खाचांचा पाना लागतो आणि जोरही बराच लागतो, कारण वर्षानुवर्षं पॅडल मारून तो आवळत गेलेला असतो. हे काम सायकलवाल्याकडेच करून घ्या. मात्र आट्यांच्या हबवर आठ-नऊ स्पीडचे मोठे फ्रीव्हील चढवण्याच्या फंदात पडू नका. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, ॲक्सलचा टोकाकडचा भाग आधाराविना उरतो आणि खड्ड्यांत ॲक्सल वाकतो.

*आठ-नऊ स्पीड कॅसेटवाल्यांसाठी:* ११-३२ असेल तर ११-३४ किंवा ३६ लावा. पुढे २२ ची चकती असेल तर ३६ लावून तुमचं काम झालं, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पुढे २४ किंवा २६ असेल तर क्रँक बघा. चकत्या बोल्टने लावलेल्या असतील आणि आतल्या चकतीच्या बोल्टांचं वर्तुळ ६४ मिलिमीटरचं असेल तर फक्त २२ ची चकती विकत घ्या. रिव्हेट मारलेल्या असतील तर अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो: ४२-३२-२२ चा घ्या आणि बीबीचा (क्रँक ज्यात फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगचा) ॲक्सल त्याला सांगितलेल्या लांबीचा आहे का तेही विचारा, नाहीतर आतली चकती फ्रेमला घासते. नवी मोठी चकती आधीच्यापेक्षा लहान असेल तर पुढचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) तेवढाच खाली सरकवावा लागेल.

हायब्रिडवाल्यांनाही (रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली सायकल) हेच लागू. त्यांच्या ४८-३८-२८ च्या क्रँकला मागे ३४ असली तर साधारण १.८ मीटर येतं. डांबरी घाटांना ठीक, गडांना कमी.

*पुढची एकच चकती करायची आहे?* सध्या ही फॅशन आहे, आणि ती उगाच नाही. पुढचा डिरेल्युअर जातो, चिखलात अडकायला एक जागा कमी होते, चढाच्या मध्येच पुढची चकती बदलताना चेन पडण्याचा प्रकार संपतो. कोकणातल्या पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याला याचं मोल कळतं. पण करण्याआधी भागाकार करा. ट्रिपल काढून पुढे ३२ आणि मागे ११-४२ लावलं तर तुम्ही १.४० वरून १.७४ मीटरवर गेलात. पैसे खर्चून घाट जड केला. मागे किमान ४६ आणि पुढे २८ किंवा ३० असेल तरच हा सौदा चढाच्या दृष्टीने परवडतो. मायक्रोशिफ्टच्या ॲडव्हेंट एक्समध्ये दहा स्पीडला ११-४८ मिळते, शिमानोच्या दहा स्पीड डिओरेमध्ये ११-४६. दोन्ही नेहमीच्या एचजी मापाच्या (शिमानोच्या जुन्या खाचांच्या) फ्रीहबवर बसतात, म्हणजे चाक बदलावं लागत नाही. शिफ्टर, डिरेल्युअर, कॅसेट आणि चेन मात्र एकाच घराण्याचे घ्या. पुढची चकती नॅरो-वाइड, म्हणजे आलटून-पालटून जाड-बारीक दातांची हवी, आणि डिरेल्युअरला क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) हवा. नाहीतर पहिल्याच खडबडीत उतारावर चेन खाली.

*नवी सायकल घेताय आणि बारा स्पीड परवडतेय?* मग मागची चकती बघून हुरळू नका, पुढची विचारा. बहुतेक कंपन्या ३२ देतात, काही ३४ सुद्धा. सायकल ताब्यात घेण्याआधीच ३० ची बदलून मागा. सुटी चकती घेणं हा बारा स्पीडमधला सगळ्यात स्वस्त बदल आहे. डायरेक्ट माउंट क्रँक (चकती बोल्टांच्या वर्तुळाशिवाय थेट बसणारा) असेल तर २८ पर्यंत जाता येतं, १०४ मिलिमीटरच्या चार बोल्टांच्या क्रँकवर मात्र ३० च्या खाली वाट बंद. कॅसेटचं लहान टोक १० दातांचं असेल तर फ्रीहब शिमानोचा मायक्रो स्प्लाइन किंवा स्रॅमचा एक्सडी असतो. स्रॅमच्या ११-५० वाल्या स्वस्त ईगल कॅसेट साध्या एचजीवर बसतात. पुढे कधी चाक बदलायची वेळ आली तर हा फरक खिशाला जाणवतो, म्हणून पावतीवर लिहून ठेवा.

"पुढची चकती लहान केली तर सपाटीवर मागे पडेन" ही भीती बहुतेकांना असते. ३० आणि ११ ची जोडी २९ इंची चाकावर एका फेऱ्यात ६.२ मीटर जाते. मिनिटाला नव्वद फेऱ्यांना ताशी ३३ किलोमीटर. एमटीबीवर, जाड टायरवर, एकट्याने तेहेतीसच्या वर सपाटीला किती वेळ टिकता? आणि घाटाच्या उतारावर तर पॅडल मारायचंच नसतं, ब्रेक सांभाळायचे असतात.

बसवण्याआधी आणि बसवताना

मागच्या डिरेल्युअरच्या दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यात मोठी चकती किती दातांपर्यंत चालते. दोन, एकूण क्षमता, म्हणजे पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानमधला फरक. पुढे ४२ व २४, मागे १४ ते ३४: १८ अधिक २० म्हणजे ३८. लांब केजच्या (दोन पुली धरणारा खालचा सांगाडा) सात स्पीड डिरेल्युअरची क्षमता ४३ असते, तिथे निभावतं. पुढे ४२ व २२, मागे ११-३६ असेल तर बेरीज ४५, इथे नऊ स्पीडचा लांब केजवालाच हवा. डिरेल्युअर खाली उतरवणारा एक छोटा जोडतुकडा बाजारात मिळतो, तो लावून ठरल्यापेक्षा मोठी चकती चालवता येते. चालतं, पण लहान चकत्यांवर गिअर थोडे आळसावतात. तात्पुरता इलाज म्हणून ठीक.

मागची चकती वाढली की जुनी चेन आखूड पडते. पुढची मोठी आणि मागची मोठी चकती धरून, डिरेल्युअरमधून न ओवता चेन गुंडाळा. टोकं जिथे मिळतात तिथून एक जोड कड्या जास्त ठेवा, एक आतली आणि एक बाहेरची. हे मोजमाप टाळलं आणि चुकून मोठी-मोठी जोडी पडली की चेन ताणून डिरेल्युअर हँगरसकट (तो ज्यावर लटकतो तो फ्रेमचा तुकडा) तुटतो. मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबून मोजा. जुनी चेन ताणलेली आहे का, तेही गेजने पाहा. अकरा-बारा स्पीडला ०.५ आणि त्याखालच्यांना ०.७५ ला चेन बदला. झिजलेल्या चेनवर नवी कॅसेट म्हणजे ऐन चढात दातावरून घसरण.

मग बी-टेन्शनचा स्क्रू: वरची पुली मोठ्या चकतीला घासू नये, पण फार लांबही राहू नये. आणि एल लिहिलेला लिमिट स्क्रू. तो सैल राहिला तर सगळ्यात हलका गिअर टाकताक्षणी चेन स्पोकमध्ये शिरते. ही तपासणी स्टँडवर, हाताने पॅडल फिरवून करा, घाटाच्या पायथ्याशी नव्हे.

दुकानदाराशी बोलताना "घाटासाठी काहीतरी बसवा" म्हटलंत तर हाताशी असेल ते लागेल. "मागे सात स्पीड, आट्यांचा हब, १४-३४ हवा, चेनला कड्या वाढवून द्या" असं सांगा. आपली सायकल कुठल्या मापाची आहे याचा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवलेला बरा.

सामान लादून जाणार असाल तर

मनाली-लेहला दरवर्षी आपल्याकडून बरेच जण सायकलवर जातात आणि "तिकडचे चढ फार उभे नसतात" हे ऐकून जातात. खरंच नसतात, रस्ता बहुतांशी पाच-सहा टक्क्यांनी चढतो. पण हिशेब मांडा. वीस किलो सामानासह एकूण १०५ किलो. बारालाचा ला ही खिंड जवळपास ४,९०० मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत १५० वॉटचा माणूस ११० वर आला तर नवल नाही. सहा टक्क्यांवर वेग ५.२ आणि लागणारा गिअर १.३४ मीटर. सिंहगडाला लागतो त्याहूनही हलका, तोही अर्ध्या चढावर! इथे मी बेधडक २२/३६ वाली ट्रिपल घ्या म्हणेन. २६ किंवा २७.५ इंची चाक असेल तर दुधात साखर. शिवाय आठ-नऊ स्पीडची चेन आणि केबल लहान गावातही मिळण्याची शक्यता असते, बारा स्पीडच्या सुट्या भागांसाठी मोठं शहर गाठावं लागतं.

सोबत काय न्यायचं: आपल्या फ्रेमच्या मापाचा एक जादा हँगर, चेनच्या स्पीडला जुळणारे दोन क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारी कडी), चेन तोडायचा पाना आणि मागच्या गिअरची एक केबल. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून तो निघण्याच्या आदल्या दिवशी शोधायला जाऊ नका. सायकल घेतानाच मागून घ्या.